चार तासांची हजेरी

अण्णा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेय. तुम्ही समोर असताना कधी भांडले नाही, तुम्ही तशी वेळच येऊ दिली नाहीत. आता माझं वय पंचेचाळीस, गुडघे गेलेत, आणि या वयात तुमच्याशी बोलायला बसलेय ते काही आठवणीनं गळा दाटून आला म्हणून नाही. मागच्या आठवड्यात कोर्टाचा निकाल लागला. त्यात तुमचं नाव चार ठिकाणी आहे. माझं एकदा.

तुम्ही सरकारी दवाखान्यात सफाई कामगारांचे मुकादम होता, म्हणजे मार्केट यार्डामागच्या आपल्या वस्तीत तुम्ही मोठे माणूस होता. एक तारखेला पगार, वर्षाला खाकीचे दोन जोड, आजारी पडलं तर भरपगारी रजा आणि मागे पेन्शन. आई यार्डात कांदे निवडायला जायची, तिच्या कामाला तुम्ही काम म्हणत नव्हता. मी बारावी झाले त्या वर्षी तुम्ही मला दवाखान्यात लावून दिलंत. लावून दिलं, हा तुमचाच शब्द. सरकारनं तेव्हा कायम नोकरभरती बंद केली होती. माणूस निवृत्त झाला की त्याची जागा गोठवायची, आणि झाडण्यापुसण्याचं काम ठेकेदाराला द्यायचं. ठेकेदारानं बायका आणल्या, कारण बायका स्वस्त पडतात आणि घरी जायची घाई असल्यामुळे फार बोलत नाहीत. तुमची कायम माणसं पुरुषांच्या वॉर्डात, ऑफिसात, व्हरांड्यात. आम्ही ठेक्यावरच्या बायका बाळंतिणींच्या वॉर्डात आणि प्रसूतीच्या खोलीत. तिथली फरशी पुसणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत होतं. तिथलं काम तुमचा एकही माणूस मागून घेत नव्हता.

पहिल्या दिवाळीला तुम्ही मला रबरी हातमोजे आणून दिलेत. ठेक्यावरच्या बायकांना मोजे मिळत नसत, मोजे कायम कामगारांच्या कोट्यातले. पुरुषांच्या मापाचे होते, बोटं दोन पेर लांब. मला इतका आनंद झाला होता की मी ते घरी आणून साबणानं धुवून दोरीवर वाळत घातले. माझ्याबरोबर एक मावशी लागली होती, यवतमाळकडून नवऱ्यामागं पुण्यात आलेली आणि वर्षभरात विधवा झालेली. ती माझ्या शेजारी उघड्या हातांनी रक्ताच्या बादल्या उचलायची. ती मोज्यांकडं बघायची आणि पुढची बादली उचलायची. तेव्हा मला वाटायचं, माझे वडील मुकादम आहेत म्हणून माझं नशीब चांगलं. आज वाटतं की तुम्ही माझं तोंड फार स्वस्तात बंद केलंत.

कारण हजेरीचं मला त्याच हिवाळ्यात कळलं. महिनाअखेरीला तुम्ही हजेरीपट घरी आणायचात. जेवण झालं की आई ताटं उचलायची, तुम्ही तिथंच सतरंजीवर पट पसरायचात, चष्मा लावायचात आणि निळ्या पेनानं एकेका रेघेत भरत जायचात. मी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकले आणि माझं नाव दिसलं. नावापुढं सगळ्या चौकटींत चार, चार, चार. आम्ही सकाळी सहाला जात होतो आणि दुपारी दोनला सुटत होतो. तुमच्या कायम माणसांची वेळही तीच होती. मी विचारलं, अण्णा, चारच तास का? तुम्ही मान वर केली नाहीत. साहेबांनी सांगितलंय, बजेटमध्ये अर्ध्या वेळेचीच तरतूद आहे, तेवढंच लिहायचं, असं म्हणालात. मी म्हटलं, मग आम्ही दहाला घरी येतो. तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवलंत.

"तुला वाचायला शिकवलं ते माझ्या तोंडावर वाचून दाखवायला नाही," असं तुम्ही म्हणालात. मोठ्यानं नाही. आई मोरीशी थांबली, ताट हातात तसंच. मग तुम्ही पुन्हा पेन उचललंत आणि माझ्या पुढच्या नावावर गेलात, ते मावशीचं होतं. तिलाही चार.

मी तुम्हाला तेव्हा मनातल्या मनात माफ केलं होतं. वरून दाब आहे, मुकादमाचं काय चालतं, असं स्वतःला समजावलं. सहा वर्षं समजावलं. मग तुमची निवृत्ती आली. कायम सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला घ्यायचं, एवढी एकच वाट सरकारनं उघडी ठेवली होती, आणि वारस म्हणून मुलगीही चालत होती. ऑफिसातल्या बाईंनी तुम्हाला माझ्यासमोर सांगितलं की मुलीचं नाव घाला, ती इथलीच आहे, तिला सगळं काम येतं. तुम्ही हसलात. घरी येऊन फॉर्म माझ्यापुढं ठेवलात, कारण माझं अक्षर चांगलं. नाव मात्र माझ्या धाकट्या भावाचं सांगितलंत. तो तेव्हा यार्डात टेम्पोवर होता, पोछा त्यानं हातात धरलेला नव्हता. मी पेन उघडून बसले, लिहिलं नाही. तुम्ही म्हणालात, तू उद्या लग्न करून जाशील, नोकरी घरात राहिली पाहिजे.

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, कुठं खाडाखोड नाही.

आणि लग्न करून मी गेले कुठं? कात्रजला. तिथून पहाटेची बस धरून पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच वॉर्डात, नव्या ठेकेदाराकडं. ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा आणि आम्ही दर वेळी नव्यानं लागायचो, जुनी नोकरी पुसलेली. धाकटा पुरुषांच्या वॉर्डात. त्याला काम मीच शिकवलं, फिनेल किती, पाणी किती, सुयांची पेटी कशी उचलायची. तो वाईट नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांच्या आधी त्यानं माझा जिना पुसून दिला. पण बाळंतपणात मी घरी बसले ते बिनपगारी, आणि त्याच्या बायकोला मूल झालं तेव्हा तो भरपगारी रजेवर होता. एका घरातली दोन पोरं, एकच बादली, एकच फरशी. त्याचा पगार माझ्या तिपटीवर गेला तेव्हा मी विचारणं सोडून दिलं.

तुम्ही गेलात तेव्हाही तसंच. धाकट्याला तेरा दिवस रजा मिळाली. मला ठेकेदाराच्या माणसानं तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला की उद्या आली नाहीस तर दुसरी उभी आहे. चौथ्या दिवशी मी कामावर होते. तुम्ही ज्या टेबलाशी बसायचात तिथं नवा मुकादम बसला होता. माझी हजेरी त्यानं माझ्यासमोरच लिहिली. चार तास. तुमचा कित्ता गिरवत होता.

पुढं आम्ही युनियनमध्ये गेलो. तीसेक बायका, सगळ्यांत पुढं मावशी. एकदा विधानसभेत अर्थसंकल्प सादर होत होता, तो आम्ही दवाखान्याच्या कँटीनमधल्या टीव्हीवर पाहिला. महिलांसाठी काय काय आहे ते मंत्री वाचत होते आणि बाकं वाजत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही लेखा विभागात गेलो, विचारायला की यात आमचं काय. तिथला साहेब सज्जन होता, त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. त्यानं समजावून सांगितलं की आमचे पैसे पगाराच्या खात्यात येतच नाहीत. ते साहित्य आणि सेवा या सदरात येतात, फिनेल, खराटे, बादल्या जिथं धरतात तिथं. म्हणून पगार वाढवा ही मागणीच करता येत नाही. समान पगार म्हणायला आधी दोन पगार लागतात, आणि सरकारच्या हिशेबानं आम्हाला पगारच नव्हता. त्यातून वरून खर्च कापायचा आदेश आला की पगाराला हात लावता येत नाही, सेवेला लावता येतो. त्या वर्षी तोच आदेश होता. मावशी त्याला म्हणाली, "साहेब, फिनेलच्या डब्याला गुडघे नसतात." तो हसला नाही. आठ मार्चला आम्हाला गुलाबाचं फूल मिळालं.

मग कोर्ट. आमची वकील तरुण मुलगी होती, पैसे न घेता लढली. मागणी दोन गोष्टींची होती. इथून पुढं कायम कामगाराइतका पगार, आणि मागच्या वर्षांचा फरक. मावशीचा जीव त्या दुसऱ्या गोष्टीत, फरकात होता. साठ झाल्यावर ठेकेदारानं तिला बोलावणं बंद केलं होतं, तिच्यासाठी पुढचं काही नव्हतंच. धाकट्याला मी साक्षीला बोलावलं. साक्षीच्या दिवशी त्यानं आजारपणाची रजा टाकली. त्याला अजून कैक वर्षं तिथंच नोकरी करायची आहे.

सरकारी वकिलानं तुमचे हजेरीपट आणले होते. फाइलच्या फाइल, तुमचं निळं अक्षर, खाली तुमची सही. एकेक बाई उभी राहिली आणि म्हणाली की आम्ही आठ तास काम केलं. तो दर वेळी तुमचा कागद पुढं करायचा. आमची वकील मला आदल्या दिवशी म्हणाली होती की बायकांचं सांगणं एकीकडं आणि सरकारी नोंद एकीकडं, पण ही नोंद कशी लिहिली गेली हे पाहिलेलं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही, मुकादमांची मुलगी. तेवढं सांगा. चार लिहायला वरून सांगितलं होतं, तेवढं एक वाक्य.

निकाल तुम्हाला सांगते. जिंकलो म्हणतात सगळे. आज कामावर असलेल्या बायकांना कायम कामगाराइतका पगार द्यायचा. खात्याचं पत्रही आलं, पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद झाल्यावर विचार करू म्हणून, तेव्हा ते काय जिंकणं आहे ते बघू. मागच्या वर्षांचा फरक नामंजूर. हजेरीपटातल्या नोंदी चार तासांच्या आहेत, आणि त्या खोट्या असल्याचं मुकादमाच्या मुलीलाही सांगता आलेलं नाही, असं लिहिलंय. माझं नाव आहे ते तिथं.

सरकारी वकिलानं फार सभ्यपणे विचारलं होतं. बाई, ही सही तुमच्या वडिलांची ना? हो म्हटलं. म्हणजे तुमच्या वडिलांनी खोटं रेकॉर्ड केलं, असं तुमचं म्हणणं आहे का? मागच्या बाकांवर तीस बायका होत्या. मावशी पुढं वाकून बसली होती, तिला कमी ऐकू येतं. मी सतरंजी पाहत होते, चष्मा पाहत होते, आई मोरीशी उभी होती. मी म्हटलं, हे कसं लिहिलं गेलं ते मला आठवत नाही.

तुमच्यावरच्या मायेनं म्हणाले नाही, एवढं नक्की. मग कशानं, ते मला आठवडाभर शोधून सापडलेलं नाही.

निकालाच्या संध्याकाळी मावशी हडपसरहून, लेकीच्या घरून, पेढे घेऊन आली. तिच्या हातात एक पैसा पडणार नाही, आणि ती माझ्यासाठी पेढे घेऊन आली. मला म्हणाली, "इतक्या वर्षांचं कोणाच्या ध्यानात राहते बाई. तू नको वाईट वाटून घेऊ."

मी मान हलवली आणि पेढा खाल्ला.