न कापलेली पट्टी

४ फेब्रुवारी

कॅमेरा दोन हजारांत मिळाला, अशी थाप आज वर्गात ठोकून दिली. खरा हिशोब इथं मांडतो. भंगारवाल्याला दोन हजार दिले, तेवढं खरं. भिंगांमागचा घडीचा भाता फाटका होता, तो नवा शिवून घ्यायला अडीच हजार गेले. स्प्रिंग मीच बसवली, त्यात एक सुट्टी आणि अंगठ्याचं नख गेलं. आणि हिनं दोन दिवस जो अबोला धरला, त्याची किंमत कशात मोजायची ते मला अजून कळलेलं नाही.

पण वस्तू झकास. एका डब्याला शेजारी शेजारी दोन भिंगं, माणसाच्या डोळ्यांसारखी. दोन्हींवर कुणीतरी काळी चिकटपट्टी घट्ट लावून ठेवली होती. रॉकेलच्या बोळ्यानं डिंक काढला.

घरही आजच लावून झालं. गॅरेज चिरंजीवांच्या ताब्यात देऊन मी या वयात फोटोग्राफीचा विद्यार्थी झालो, म्हणून शाळेजवळ भाड्यानं घेतलंय. हॉल लांबलचक, एका बाजूला ओळीनं खिडक्या. त्या टोकाच्या भिंतीवर घरमालकाचा पुरुषभर आरसा, अध्येमध्ये टेबल-खुर्च्या. या टोकाला कॅमेरा उभा केला. ही म्हणाली, अहो, संसार थाटलाय की स्टुडिओ? बोलली एकदाची.

९ फेब्रुवारी

वर्गात सगळे मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या बाईसुद्धा. आज त्यांनी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला लावला. अख्ख्या वर्गाची फजिती. मग समजावलं की दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात, डोकं ती जुळवतं, आणि त्यातून जवळ-लांब कळतं. आपण तसेच दोन फोटो एकदम काढायचे आणि भिंगांच्या पेटीतून बघायचे. सपाट कागदात खोली उभी राहते.

वर्षाचं काम म्हणून मी माझा हॉलच घेतला. एकच जागा, दर थोड्या दिवसांनी एक जोडी. शेजारच्या बाकावर काडीसारखा एक लग्नाचे फोटो काढणारा बसतो, पोरं त्याला पैलवान म्हणतात. तो म्हणाला, काका, रिकामा हॉल बघून मार्क कोण देणार, मला बसवा खुर्चीत, रूप तरी येईल.

१५ फेब्रुवारी

भात्याच्या कामात माझा एक तास बुडाला, जोड्या कापून चिकटवायचा. पैलवान सांगत होता, सगळ्यांनी कात्री घेऊन पट्ट्या मधोमध कापल्या, बोटं डिंकानं बरबटली. मी म्हटलं, कशाला? माझ्या फिल्मवर दोन्ही फोटो शेजारी शेजारीच येतात. अख्खी पट्टी एका कागदावर छापायची आणि पेटीत सरकवायची. कात्री नाही, डिंक नाही. जे एका तुकड्यात होतं त्याचे दोन करणारा मेकॅनिक मी गॅरेजात एक दिवस ठेवला नसता. पहिला नंबर माझाच, लिहून ठेवा म्हणालो.

पहिली जोडी आज बघितली. हॉल दिसला, खुर्ची दिसली. टेबल जरा पोकळ वाटलं, जुन्या भिंगाचा दोष असेल. आणि अगदी पुढं, माझ्या नाकासमोर, एक माणूस तरंगत होता. अंगठ्याएवढा. पाय जमिनीला टेकलेले नव्हते. आरपार दिसत होता. पेटीतून कागद काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर तिथं धुरकट डाग.

ही म्हणाली, फिल्म नीट धुतली नसेल.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या जोडीतही आहे. आता थोडा मागं सरकलाय आणि वीतभर झालाय. हातात काहीतरी आखूड, जड.

दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. माझे कान कसे आहेत ते गॅरेजात कुणालाही विचारा, गाडी फाटकातून आत यायच्या आधी कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगतो. मला हॉलमधून कुणीतरी छाती भरून श्वास घेतल्याचा आवाज आला. घण उचलणारा घेतो तसा. मग ठोका.

त्या टोकाचा आरसा नुसता फुटला नव्हता, चौकटीसकट भिंतीत ठेचला होता. मागचा गिलावा हातभर आत गेला होता. हॉलमध्ये कोणी नाही, खिडक्यांना आतून कड्या.

खिळा निसटला असेल असं हिला सांगितलं. तिनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि केरसुणी आणायला गेली.

२६ फेब्रुवारी

तो माणूस आणखी मागं गेलाय. आता तो मध्यावर आहे. पण मोठा झालाय, टेबलाएवढा. लांब जाणारा माणूस मोठा कसा होईल? मूळचाच धिप्पाड असेल, असं मनाशी म्हटलं. लांब जातोय हे महत्त्वाचं. आणखी चार जोड्यांत भिंतीपलीकडं जाईल.

टेबलावर शाळेतून आणलेलं प्लास्टरचं डोकं होतं. सकाळी त्याचा भुगा झालेला, आणि टेबलाची फळी मधोमध चिरलेली. ठोक्याआधी तोच श्वास ऐकला होता. कानांना तो टेबलाजवळून, अलीकडून आल्यासारखा वाटला. पेटी तर म्हणते तो मागं चाललाय. गोंधळलो. शेवटी पेटीचं ऐकलं. फोटो खोटं का बोलेल?

३ मार्च

इस्पितळातून आत्ता आलो.

पैलवान आला होता. मी त्याला आरशाचं सांगितलं, माणसाचं सांगितलं. तो हसला. काका, भूत असेल तर माझ्या शेजारी उभं करा, तेवढंच मी जाड दिसेन. खुर्ची टेबलाच्या अलीकडं ओढून बसला. मी कॅमेऱ्यामागं. ही दारात चहा घेऊन उभी.

बटण दाबलं. श्वास ऐकला.

मी ओरडायच्या आत त्याचं तोंड एका बाजूला गेलं. कुणी मारताना दिसलं नाही, फक्त मार दिसला. जबडा कानाखाली जाऊन अडकला. दात फरशीवर खडखडत माझ्या पायापर्यंत आले. तो पडला नाही, पडू दिलं नाही. दुसरा घाव गुडघ्यावर, तो आवाज मी विसरणार नाही, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. त्यानं तोंड झाकायला हात वर केला तर तो हातही. मी धावलो, त्याच्या अंगावर आडवा पडलो. माझ्या पाठीवरून वारा गेला. मग काही नाही.

४ मार्च

पैलवान जिवंत आहे. बोलता येत नाही.

हवालदार आला होता. माझे हात उलटेपालटे करून बघितले. गॅरेजवाले ना, म्हणाला, घण चालवायची सवय असेल. जबाब पूर्ण होईपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. हिला म्हटलं, तू मुलाकडं जा. ती म्हणाली, जायचं तर दोघं जाऊ. लग्न झाल्यापासून तिनं ऐकलंय कधी माझं?

कालची जोडी बघितली. तो पैलवानाच्या पलीकडं. पार मागं, आरशाच्या भिंतीच्या थोडा अलीकडं. माणसाएवढा.

इतक्या लांबून मारतो कसा?

७ मार्च

शाळेत जाऊन सगळ्या पट्ट्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्या नव्हत्या. चिठ्ठी लिहिली, नीट बघा, यातला माणूस बघा.

घरी येऊन आणखी एक जोडी काढली. काढावीच लागते. तो फक्त त्यातच दिसतो.

१० मार्च

नव्या जोडीत तो सगळ्यात मागं. भिंतीच्याही मागं, म्हटलं तर. दारापेक्षा उंच. चेहरा आता कळतो. तोंड उघडं आहे.

हिची खुर्ची कॅमेऱ्याला लागून ठेवली. तिथून हलायचं नाही म्हणून बजावलं. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच, त्याच्यापासून सगळ्यात दूर. ती म्हणाली, अहो, मग विणकाम तरी आणून द्या. आणून दिलं.

मी आरशाच्या टोकाला, फुटक्या भिंतीशी, जॅक फिरवायची लोखंडी टॉमी घेऊन बसलोय. आला तर आधी मी.

मघाशी श्वास ऐकला. कान म्हणतात, तिकडून, तिच्याकडून. कानांवर आता विश्वास —

११ मार्च

बाईंचा फोन. हसत होत्या. माणूसबिणूस दिसला नाही, डाग दिसला. म्हणाल्या, काका, पट्ट्या कापल्याच नाहीत की हो तुम्ही. भिंग चित्र उलटं करतं. अख्खी पट्टी छापली की डाव्या डोळ्याचं उजवीकडं जातं. मधून कापून अदलाबदल करायची असते. नाहीतर जवळचं लांब दिसतं, लांबचं जवळ.

मी म्हटलं, पण हॉल तर सरळ दिसतो.

म्हणाल्या, ओळखीची गोष्ट डोकं आपोआप सरळ करून घेतं. खुर्ची, भिंत, माणसाचा चेहरा. अनोळखी असेल ते मात्र —

फोन हातातून पडला.

म्हणजे पहिल्या दिवशी तो नाकासमोर नव्हता. आरशाशी होता. मग टेबल. मग पैलवान. मागं जात नव्हता, इकडं येत होता. काल सगळ्यात लांब, म्हणजे काल भिंगासमोर. ती तिथं — मीच बसवलंय —

हाक मारली. तिनं विणकामातून मान वर केली. काय हो, म्हणाली.

तिच्या मागं श्वास.

*

धावलो. हॉल संपेना. एक ठोका, मग दुसरा, तिचा हात वर होता, सुई हातातच, मग हातही नाही. टॉमी फिरवली, हवेतून गेली, कॅमेरा फुटला, तो थांबला नाही. तिच्या अंगावर पडलो. या वेळी वारा पाठीवरून गेला नाही. पाठीत काहीतरी मोडलंय, पाय लागत नाहीत. तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. आकार नाही त्याला. गरम आहे अजून.

कॅमेरा नाही आता. तो कुठं आहे ते —

लिहितोय, कारण हात चालतात. फोन तिकडं पडलाय, बाई अजून बोलतायत, मला इथूनही ऐकू येतं. म्हणतायत, काका, ऐकताय ना, मनाला लावून घेऊ नका, यात नापास करावं लागतंय, बाकी सगळ्या वर्गानं कापून चिकटवल्यात, त्याला लागतं काय, नुसती एक कात्री आणि —