वाघोळ्याचे दोन भोंगे

१४ नोव्हेंबर
वाघोळ्याचे बापूराव आज जीपच्या टपावर दोन भोंगे बांधून धाडला माझ्या दुकानात आले. ग्रामपंचायतीचे. गावचा दवंडीवाला म्हातारा गेला तेव्हापासून मुके पडलेत. जुना माल, जाड अ‍ॅल्युमिनियम. आता असा मिळत नाही. एकाचं तोंड चेपलेलं, दुसऱ्यात गांधीलमाश्यांचं घर, आवाजाचे युनिट दोन्ही गेलेले. नवे घ्यायला पंचायतीकडे काही नाही. "याईलेच जिते करा भाऊ. नळ कवा सुटनार हेबी घरोघरी जाऊन सांगा लागते."
हो म्हणालो. वाघोळा म्हटल्यावर नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही.

१७ नोव्हेंबर
बाजाराचा दिवस. भोंग्याखाली वाळूचं पोतं ठेवून लाकडी हातोडीनं पोचे काढत होतो. बापूराव बाजार करून आले, स्टुलावर बसले, चहा घेतला. माणूस बोलका. भाऊबीज कशी झाली, मी सहज विचारलं. कप खाली ठेवला.
मग म्हणाले, "बहिणीनं ओवाळलं न्हाई. हे दुसरं साल."
काऊन, म्हटलं. (कशाला विचारलं?)
"दोन वर्साआधी गावात जीप आली व्हती, बीटीचं बियानं घेऊन. अळी न्हाई, फवारनी न्हाई. असे तं लय येतात. पन त्यातला मानूस भोंग्यावर म्हने, मी सोता माह्या वावरात लावलं. बोंडं मोजून थकलो म्हने. आता सोताच्या वावराचं कोनी खोटं बोलते का? मी शांतीले म्हनलं, यंदा ज्वारी राहू दे, सारी कपाशीच लाव."
बियाणं बोगस. सगळी बोंडं अळीनं खाल्ली. शांताबाई एकटी, नवरा नाही. पोरीचं बुलढाण्याचं कॉलेज सुटलं.
"जीपवाल्याले ती काईच म्हनत न्हाई. मलेच म्हनते. बरोबर हाय तिचं, सांगतलं तं मीच."
माझी हातोडी चालूच होती. बाहेरचा पोचा निघाला आणि आतून दुसरा पडला. लक्षच नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहून टाकतो. जीपमधला तो माणूस मी. पडदा लावून आत बसलो होतो, म्हणून बापूरावांना तोंड माहीत नाही. समोरासमोर बोलताना आवाज वेगळा लागतो, भोंग्यातून वेगळा.
माझ्याकडे वावर नाही. बापाकडे नव्हतं, आजाकडे नव्हतं. दारात तुळस आहे, तेवढीच माझी शेती.
भोंगा लावून बोलायला बियाणंवाल्यानं मला रोजावर नेलं होतं; त्यानं दिलेल्या कागदावर स्वतःच्या वावराचं ते वाक्य नव्हतं. त्या दिवशीचं पाचवं-सहावं गाव असेल. लोक ऐकायचे आणि आपापल्या कामाला निघून जायचे. मला ते थांबायला हवे होते. म्हणून आपल्या मनानं बोललो, "मी सोता माह्या वावरात..." आणि थांबले की! पडद्याच्या फटीतून पाहिलं, बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. मग पुढच्या प्रत्येक गावात तेच. बोंडं मोजायचं तर वाघोळ्यातच सुचलं.
कोणी सांगितलं नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

२० नोव्हेंबर
चिखलीला हनीफचाचांकडे. कॉइल भरण्यात त्यांच्यासारखा हात नाही, मी काम शिकलो तो त्यांच्याकडेच. एक युनिट उघडून, कॉइल नवी भरून दिला. दुसऱ्याचं चुंबकच तडकलेलं.
"फेक याले. तुह्याकडं तो जीपवाला युनिट हाय ना, तो टाक. एक नंबर हाय."
आहे. बियाणंवाला जीपवरचा भोंगा माझ्याकडे ठेवून गेला तो परत आलाच नाही; दोन वर्षं भोंगा दुकानात गोणपाट घालून टांगलाय. त्यावरून मी काय बोललो ते चाचांना माहीत नाही. निघताना नेहमीचं बजावणं, "आन गाणं लावून टेस्टिंग करू नको बे. गाण्यात समजत न्हाई. बोलून पाह्य." शिकवताना पहिल्या दिवशी सांगितलेला नियम. स्वतः बोलून ऐकल्याशिवाय भोंगा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.
दोन वर्षांत मी माईकवर एक अक्षर बोललो नाही. लग्नात कॅसेट लावून देतो आणि वायरीजवळ बसून राहतो.

२३ नोव्हेंबर
गोणपाट काढलं. जीपचा युनिट उघडला. आत काही खराबी नाही. चुंबकाच्या फटीतली धूळ पोस्टकार्डाच्या पट्टीनं काढली, वाघोळ्याच्या भोंग्याला बसवला. चुडीचे आटे बरोबर बसले, जणू त्याच्यासाठीच केलेले. तेही आवडलं नाही.
भंगारातल्या एका सेटचा ट्रान्सफॉर्मर लावला, म्हणजे बारीक वायरीवरूनही लांबच्या घरांपर्यंत आवाज जाईल. कॅसेट लावून पाहिलं. ठणठणीत.
सुनंदा आतून आली. "आवो, तुमी आधी हॅलो हॅलो करून सारी गल्ली उठवत व्हते. आता काऊन नाई करत?" घसा बसलाय म्हणालो. बायकोशीही खोटं. तिनं हळद घालून दूध दिलं. प्यालो.

२ डिसेंबर
वाघोळा. भोंगे चावडीवर चढवले. एकाचं तोंड शाळेकडे. दुसरं, ज्यात जीपचा युनिट आहे, ते गावाच्या वरच्या टोकाला. बापूराव म्हणाले, "शांतीच्या घरापरेंत गेला पायजे आवाज. मी गेलो तं दार लावते. नळाचं तरी कळंन तिले."
कॅसेट लावली. बापूराव मधोमध उभे. "भाऊ, मधात पातळ येते. कडेले बरोबर हाय."
खाली आलो, ऐकलं. खरंच पातळ. एका भोंग्याच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या, दोघं एकमेकांचा आवाज खात होते. शिकाऊ पोरानं करायची चूक. दुकानात दोन्हींवर एकदा बोलून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. चाचांना कळलं तर पाठीत धपका.
वायरी फिरवल्या. बापूरावांनी माईक पुढे केला. "आता बोलूनच पाहा. आमाले बोलायलेच लागते, गाने थोडेच लावाचे हायेत."
दुपारची वेळ. वेचणीहून बाया परतत होत्या. मी "हॅलो" म्हणालो. कपाशीचं गाठोडं डोक्यावर घेतलेली एक बाई जागीच थांबली, मागे वळून पाहिलं. बापूरावांनीही पाहिलं. भोंग्याकडे नाही, माझ्याकडे.
मग बोललो. आठवतं तसं लिहितो. "मी सुभाष, धाडचा. दोन वर्साआधी जीपमधून मीच बोललो. माह्याकडं वावर न्हाई. कधीच नव्हतं. बोंडं मोजली ते खोटं. बापूरावनं बहिणीले जे सांगतलं, ते माह्या तोंडचं व्हतं. त्याईची चूक न्हाई." आणखी काहीतरी म्हणायचं होतं. माफीचं. ते राहिलं. त्याआधीच अंगठ्यानं बटण बंद केलं.
कोणी अंगावर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. बापूरावांनी उरलेली वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. "आवाज साफ हाय," एवढंच. आणि घराकडे निघून गेले. सकाळी जेवायला थांबा म्हणाले होते.

३ डिसेंबर
वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटत.
एक गोष्ट सारखी टोचते. बापूराव माझ्यासमोर हातभरावर बसून बहिणीचं सांगत होते, तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. हातात माईक आल्यावर उघडलं. म्हणजे खोटंही भोंग्यावर आणि खरंही भोंग्यावरच. माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलायची हिंमत तेव्हाही नव्हती, आताही नाही. लाज वाटते. चारचौघांत सांगून झाल्यावर कमी व्हायची सोडून वाढलीच.
सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईच्या घरी गेले का तुमी?" नाही म्हणालो. उठून भाकरी टाकायला गेली.

११ डिसेंबर
वाघोळ्याचं कोणी बाजाराला आलं की मी खाली मान घालून काम करतो. बापूराव आले नाहीत. दुसऱ्या कोणाकडून कळलं, भोंगे रोज चालतात. शांताबाईचं विचारायची छाती झाली नाही.

२१ डिसेंबर
वाघोळ्याहून सवारी आणणारा जीपवाला निरोप घेऊन आला. वरच्या टोकाचा भोंगा खरखरतो, दुरुस्तीला या.
"बापूरावनं सांगतलं का?"
"न्हाई. त्याईच्या बहिणीनं, शांताबाईनं. म्हने, तो जो बोलला त्यालेच पाठवा. दुसरा नको. आन आधी माह्या घरी ये म्हना."
खरखर कुठली? तो युनिट मी स्वतः साफ केलाय, त्यात खरखर यायला नको. जीपवाल्याला विचारलं, तू ऐकली का? "मले तं बराच वाटते."
पोस्टकार्डाची पट्टी, पेचकस, पिशवीत भरून ठेवलंय. सुनंदा म्हणाली, पिशवी कशाला नेता. तरी घेतली. सकाळच्या पहिल्या जीपनं जातो.