थुंकायचा कप

आई, तू गेल्याला पंधरा वर्षं होत आली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. आठ वर्षांची असताना मी कारल्याची भाजी ताटाबाहेर थुंकले होते. तू पोळ्या लाटता लाटता तशीच उठलीस, लाटणं हातात. "अन्न थुंकायचं नाही. तोंडात घेतलंस ना, मग गीळ." रडत रडत गिळली. त्यानंतर तोंडात गेलेला घास मी कधी बाहेर काढला नाही.

दोन हजार दोन साली ऑकलंडला आले आणि फळांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या संशोधन केंद्रात लागले, तेव्हा तू फोनवर विचारायचीस, काम काय गं? मी म्हणायचे, फळं खायचं. खरं तर माझं काम मोजमापाचं, पण एकदा चव घेणाऱ्या चौघांतला एक आजारी पडला आणि मला बसवलं. समोर किवीच्या फोडी, प्रत्येक वेगळ्या वेलीची, नावाऐवजी नुसता आकडा. शेजारी पाणी आणि एक कप. चावायचं, गुण द्यायचे, कपात थुंकायचं. बाकीचे बिनदिक्कत थुंकताहेत आणि मला काही केल्या जमत नाहीये. मी गिळत राहते. त्या वेली सात वर्षं बियांपासून वाढवणाऱ्या आमच्या बॉसबाई मागून म्हणतात, "थुंक की, अजून हीप्स आहेत, ढीगभर!" मी मान डोलावते आणि गिळते. विसाव्या फोडीपर्यंत किवीच्या आंबट रसानं जीभ सोलवटून निघाली होती, पुढचं प्रत्येक फळ सारखंच जळजळीत. उठून सांगायला हवं होतं. पण नोकरीला जेमतेम महिना झालेला, लाज वाटली. शेवटच्या सहा फोडींना मी अंदाजानं गुण दिले. बाईंनी कागद घेतला आणि "स्वीट अ‍ॅज" म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत झक्कास.

त्या सहांतली एक वेल अर्ध्या गुणानं मागे पडली. बाकी तिघांनी तिला उत्तम म्हटलं होतं. हिवाळ्यात निवडीत मागे पडलेल्या वेली काढताना ती बुंध्यापासून कापली, तेव्हा बाई जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. "हिच्याकडून मला फार आशा होती," एवढंच बोलल्या. मी शेजारी हातमोजे घालून उभी होते; वाकून कापलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

इतकी वर्षं हे सगळं मी तुझ्या त्या रागावण्यावर ढकलत आले. थुंकता आलं नाही ते तुझ्यामुळे, हे खरंच. गुण मात्र मी माझ्या हातानं लिहिले.

हे पत्र त्या बाईंना जायला हवं. त्या आता निवृत्त आहेत, इथेच ऑकलंडात हिल्सबरोला राहतात, दर एप्रिलमध्ये परसातल्या फेजोआ फळांची पिशवी माझ्या दारात ठेवून जातात. तुला लिहिते आहे, कारण तू काही विचारणार नाहीस.