अकरा सेवा आणि बी विंगमागचा तेरडा

कोपरी, ठाणे (पूर्व)
विसर्जनानंतरचा सोमवार

तीर्थरूप वहिनी,

रतनचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही नेहमी "बरा आहे" म्हणता, पण दादाच्या तेराव्यालाही तुम्ही बरी आहे असंच सांगितलेलंत, म्हणून लेखी विचारतोय. लेखी खोटं बोलायला तुम्हाला जमत नाही. इकडे आम्ही खुशाल. ही तर जरा जास्तच खुशाल आहे, कारण मी दिवसाचे सहा तास घराबाहेर असतो. त्याचं श्रेय तुमचं, आणि यंदा जन्मात पहिल्यांदा गणपतीला गावी आलो नाही त्याचं कारणही तेच. ते फोनवर सांगायला तोंड नाही, म्हणून हा कागद.

खोपटच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढून मी रिटायर झालो तेव्हा शाली तीन मिळाल्या, नारळ चार, आणि सल्ला फक्त तुम्ही दिलात. तेव्हा मी घरातला मिक्सर उघडून बसायचो (चांगला चालणारा मिक्सर, आणखी चांगला चालावा म्हणून). हिने रडत तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, अरे, गवतात वाढलास ना, मग कुठेतरी जाऊन गवत काप. बहुतेक वैतागूनच म्हणालात. पण मी ते मनावर घेतलं. सकाळी डबा घेऊन निघायला जागा नसली की माणसाचं काय होतं ते मला त्या चार महिन्यांत कळलं. हे कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. वहिनी, तुम्ही मला वाचवलंत.

धंद्यात भागीदार धाकू, आमच्या डेपोचा ड्रायव्हर. कोपरीचा अस्सल भूमिपुत्र, आजा मिठागरात होता, त्यामुळे गवताबद्दल आमच्या दोघांचं ज्ञान सारखंच. मशीन घेतलं आणि घोडबंदरच्या बाजूला एका सोसायटीचं लॉन मिळालं. चार विंग, एकच गिऱ्हाईक. आता सेवा कुठल्या द्यायच्या हा प्रश्न आला. मी म्हटलं, गवत कापू आणि घरी येऊ. तर धाकू म्हणतो, एका रूटवर डेपो चालतो काय रं? झालं. दोघांनी बसून अकरा सेवांचं पत्रक छापलं आणि त्यांचे साधी, जलद आणि निमआराम असे वर्गही पाडले. (निमआराम म्हणजे कापलेलं गवत आम्हीच उचलून नेणार.) पत्रक इतकं सुंदर झालं की त्यातलं आपल्याला काय येतं हे बघायचं राहून गेलं.

सेवा क्रमांक आठ, नारळ उतरवणे. धाकू आठ फूट चढला आणि झाडाला मिठी मारून तिथेच राहिला. वर जाववेना, खाली उतरवेना. शेवटी वॉचमनने दिवे बदलायची शिडी लावली. खाली आल्यावर धाकू सगळ्यांना सांगत होता की झाड तपासून घेतलंय, ठीक आहे. सेवा क्रमांक पाच, शेणखत. ते मी घातलं, अगदी ताजं, सढळ हाताने, आणि दुसऱ्याच दिवशी त्या लॉनवर कुणाचातरी साखरपुडा होता. सोसायटीच्या सेक्रेटरी समीक्षा मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. त्या शांतपणे म्हणाल्या, काका, गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय घेऊया. म्हणजे काम जाणार. म्हणजे मी परत मिक्सरपाशी. सुट्टी घेऊन गावी यायची हिंमत कुठून आणू? ठरवलं की मीटिंगच्या आत असं काम दाखवायचं की बाईंनी बघत राहावं.

म्हणून गौरी यायच्या आदल्या दिवशी सेवा क्रमांक चार हातात घेतली, तणमुक्त कोपरे. तुम्हाला माहीत आहे, आमच्या वर्कशॉपची सवय. जॉबकार्डावर लिहिलं की काम झालंच पाहिजे, गाडीला गरज असो नसो. तोंडावर गवताने माखलेला प्लॅस्टिकचा मुखवटा, कानात मशीनचा आवाज, आणि बी विंगच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी गुलाबी फुलांचं हे एवढं रान माजलेलं. दीड तासात सगळं कापून भुईसपाट केलं आणि कचऱ्याच्या गाडीत भरूनही दिलं. घाम पुसायला मुखवटा काढला, तर टाकीला चिकटून एक रोप राहिलेलं. वहिनी, तेरडा होता तो. नऊ वर्षांचा असताना तुमच्या पुढे घंटा वाजवत पऱ्याच्या वाहत्या पाण्याकाठी तेरड्याची गौर आणायला जाणारा मी, आणि मीच दुसऱ्या दिवशीच्या गौरी कचऱ्याच्या गाडीत घातलेल्या.

एवढ्यात रोज बागेतल्या बाकावर बसणाऱ्या कमळाबाई आल्या. वय पंचाहत्तर, पातळ नऊवारी, चष्म्याला दोरी. दर पावसाच्या तोंडाशी टाकीमागे बी टाकून तो तेरडा त्याच वाढवतात, सोसायटीतल्या बावीस कोकणी घरांसाठी. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कुठचे रे तुम्ही? मी म्हटलं, गुहागर तालुका. त्या म्हणाल्या, आईने काही दाखवलं नाही का? आईच्या जागी मला तुम्हीच आठवलात, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि धाकू स्कूटरवर निघालो. विठ्ठलवाडीच्या पुढे मलंगगडाच्या वाटेवर त्याच्या बहिणीचं गाव आहे, तिथल्या बांधांवर तेरडाच तेरडा. (जन्मभर बस चालवलेला माणूस स्कूटरही बसच्याच रुंदीने चालवतो, त्यामुळे पोचायला नऊ वाजले.) तुम्ही शिकवलेलंत तसं एकेक रोप हलवून, मुळांना धक्का न लावता काढलं, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. बावीस रोपं बादलीत उभी करून मांडीवर घेतली आणि दुपारी तीनच्या आत बावीस दारं वाजवली. धाकूने प्रत्येक दारात खाली वाकून नमस्कार केला. कुणाला ते मी विचारलं नाही.

काल मीटिंग झाली. कमळाबाई आमच्या बाजूने बोलल्या, काम राहिलं. समीक्षा मॅडमनी आमचं पत्रक समोर ठेवून दहा सेवांवर काट मारली आणि फक्त गवत कापणे ठेवलं. खाली स्वतःच्या हाताने एक नवीन सेवा लिहिली: दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी कमळाबाईंना विचारणे. मी ताबडतोब सही केली. वहिनी, तुम्ही पहिल्या दिवशी हेच सांगितलेलंत, गवत काप. पुढचं आम्ही आमच्या अकलेने वाढवलं.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याचं खरं कळवा.

तुमचा
रतन

ता. क. टाकीमागे आता माती उघडी पडली आहे. तुमच्या परसातल्या तेरड्याच्या शेंगा पिकत आल्या असतील. बी हवं आहे. हेच खरं काम होतं, बाकी पत्र लांबलं.

ता. क. २. पोस्टाने पाठवू नका. शेंगा बोट लागताच फुटतात, वाटेत सगळं बी सांडेल. स्वतःच घेऊन या. खोपटला तुम्हाला उतरवून घ्यायला मी उभा असेन, आणि धाकूला स्कूटर आणू देणार नाही.

ता. क. ३. दादा गेल्यापासून तुम्हाला पऱ्यावर गौर आणायला कुणी बोलावत नाही आणि तुम्ही दाराशी उभ्या राहता, हे मला माहीत आहे. मी दोन वर्षं बघूनही गप्प बसलो. कमळाबाईंचे यजमान जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांना कोण बोलावतं असं विचारलं, तर म्हणाल्या, आणायला बोलावणं लागतं रे, पेरायला नाही लागत. तुमची वाट बघतायत.