भट्टी बंद होती तेव्हाचा लाल

मामाजी, आज डोक्यावर पदर न घेता तुमच्याशी कागदावर बोलते आहे. तुमच्या घरात इतकी वर्षं नांदले, पण सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. तुम्ही ओसरीवरून बोलायचं आणि मी दाराआडून ऐकायचं. आता तुम्हाला जाऊन जमाना झाला, मीच तुमच्या वयाची झाले, तेव्हा ऐकायची पाळी तुमची. चांगलं काही ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. तुमच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. सकाळी घरामागून आला आणि म्हणाला, बाबा, लघवी लाल झाली. "म्या गल्लीभर गूळ वाटला," तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात. "रंग अंगात उतरल्याबिगर रंगारी होत नाही." सगळे हसले. हेही मान खाली घालून हसत होते, आणि खोटं कशाला सांगू, नव्या नवरीला मलाही कौतुकच वाटलं. आपल्या विणकरांच्या गावात रंगाऱ्याचं घर एकच, आणि त्या घराची ही ऐट. मोठं मोलाचं काही पदरात पडलं असं मला वाटलं होतं.

मागच्या अंगणातली ती भट्टी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हंडा उकळतो आहे, हे डब्यातली भुकटी उघड्या हातानं ओततात, ती उडते, नाकात जाते, शिंक आली की तुम्ही म्हणता, रंग वाया घालवू नको. मग सुताच्या लडी बुडवायच्या, पिळायच्या. रंग धरायला घातलेलं मीठ पुरलं का ते बघायला हंड्यातलं पाणी बोटानं जिभेवर घ्यायचं, ही तुमची शिकवण. दुपारी त्याच हातानं भात कालवायचा. एकदा विणकर सोसायटीचा माणूस रबरी हातमोजे देऊन गेला होता. तुम्ही म्हणालात, "हातमोज्यानं सूत समजते का?" आणि ते नेऊन धानाच्या बांधीतल्या बुजगावण्याला घातलेत. त्या हंगामात बुजगावण्याचे हात तेवढे शाबूत राहिले.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षीचा श्रावण. सूत वाळत नाही म्हणून भट्टी बंद, हंडा पालथा पडलेला, डबे फळीवर. सगळे धानाच्या रोवणीला लागलेले. आणि धुण्यात मला यांच्या धोतरावर लाल डाग दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी विचारलं तर हे म्हणाले, "रंग असंन." मी म्हटलं, अहो, कोणता रंग? भट्टीत राखसुद्धा उरली नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर येऊन तुमच्याशी बोलले. मामाजी, यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे न्या, हे रक्त आहे. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. यांनाच विचारलंत, "दुखते का रे?" हे म्हणाले, "नाही दुखत, बाबा." "मंग झालं तर. अंगात मुरलेला रंग निघून राहिला. आणि तू वं, रंगाऱ्याच्या घरात राहून रंगाले भेतं? मले शिकवतं?" धने भिजवलेलं पाणी द्यायला सांगितलंत. दिलं. आठ-दहा दिवसांत लघवी साफ झाली आणि तुम्ही सगळ्या आळीत सांगत सुटलात की सून रंगाला रक्त म्हणते. बायका पाणवठ्यावर मला बघून तोंडावर पदर घेत होत्या.

ते पुन्हा आलं, पुन्हा थांबलं, प्रत्येक वेळी तुम्ही जिंकलात. दोन वर्षांनी रक्ताच्या गाठी पडायला लागल्या, लघवी अडली, तेव्हा कुठे नागपूर. तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? मग म्हणाला, लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आहे. असल्या काही रंगांमुळे होतो, आणि काम सुरू केल्यावर कित्येक वर्षांनी वर येतो. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच का नाही आलात? तुम्ही बाकावर बसून टोपी हातात फिरवत होतात. घरी मात्र इतकं बोलायचात. पुढच्या उन्हाळ्यात हे गेले, आणि तुमच्या तोंडून माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही. मी वाट बघितली होती. एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, तुझं खरं होतं.

त्याऐवजी काय केलंत? दिवाळीनंतर माझ्या पोराला भट्टीवर नेलंत. दहा वर्षांचं पोर. मी चूल फुंकत होते आणि ते नाचत आत आलं, बोटं लाल, जीभ बाहेर काढून दाखवतं आहे, "आई, मीठ बरोबर होतं." मी त्याच्या तोंडात बोट घालून ते ओकायला लावलं. सासूबाई रडत होत्या, मी नाही रडले. आठवडाभर माझं तुमच्याशी भांडण, तेही दाराआडूनच, आणि पोर रोज भट्टीवर. शेवटी ट्रंक भरली आणि पोराला घेऊन माहेरी, दिघोरीला निघाले.

तुम्ही फाट्यावर आलात. मला वाटलं अडवणार. एसटीत चढलो, तुम्ही खिडकीखाली उभे राहिलात, इकडेतिकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "पोराची लघवी साफ हाये न?"

मामाजी, नुसता रंगच असता तर तुम्ही गूळ वाटला असता. असं चोरून विचारलं नसतं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कधीपासून, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. कळूनही पोराला हंड्यापाशी उभं केलंत. मी खिडकीची काच ओढून घेतली. गाडी सुटली. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात असा निरोप आला, मी आले नाही.

पोरगं आता साकोलीला असतं, स्वतःचं दुकान आहे, त्याची पोरं कॉलेजात जातात. लहानपणी जिभेवर घेतलेलं तेवढंसं काय करील, असं तोच मला समजावतो. मला कुणीही समजावू नये. दर रविवारी त्याचा फोन येतो, सुनेची, नातवंडांची चौकशी होते, आणि ठेवता ठेवता मी हळूच विचारते. दुसरे शब्द शोधून बघितले, सापडले नाहीत. तुमचेच शब्द, तसाच आवाज. तो हसतो आणि उत्तर देतो.

काय उत्तर देतो, ते मात्र तुम्हाला कळवणार नाही. कागद चुलीत घालते.