बाकावरची धाकटी

प्रिय लंबू,

कोचसाहेब म्हणून सुरुवात करणार होते, पण ज्याची दुपटी मी धुतली त्याला साहेब म्हणायला जीभ वळेना. मी सांगते आहे आणि तुझी बहीण लिहिते आहे. तुझ्या आजीला अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे येतात, आणि तिथेच तुझी पंचाईत आहे. फळ्यावर कोणाचे किती गुण झाले ते मला वाचता येतं, त्यामुळे आजी, आपण बरे खेळलो, असं सांगून तुला सुटता येत नाही.

रविवारच्या सामन्याचं बोलते. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आपण नऊ गुणांनी पुढे होतो. माझ्या शेजारच्या बाईंनी तर पर्समधून गोळ्या काढून वाटायला घेतल्या होत्या. आणि तू बाकावरून उठलास आणि दोन्ही तळवे खाली दाबलेस. तुझे ते हात दिसले आणि मी बाईंना गोळ्या परत ठेवायला सांगितलं. कारण त्यानंतर आपल्या पोरी धावायच्या थांबतात आणि पाचही जणी आपल्याच बास्केटखाली गोळा होतात, लिफ्टची वाट बघत असल्यासारख्या. समोरच्या मुलींना काय, त्यांनी आरामात लांबून चेंडू टाकायला सुरुवात केली. एक पडला, दुसरा पडला, आणि लांबचे म्हणून प्रत्येकाचे तीन गुण. धाकटी इथे लिहायची थांबली. म्हणते, आजी, त्याला झोन म्हणतात, माणसामागे न धावता आपापली जागा राखायची, आपल्या मुली उंच आहेत म्हणून दादाचं बरोबरच आहे. मी म्हटलं, हात तुझा असला तरी तोंड माझं आहे, मुकाट लिही.

बरं, चेंडू आपल्याकडे आला तर पुढे जावं ना? तर नाही. तिने हिला द्यायचा, हिने तिला द्यायचा, वेळ घालवायचा. पाहुणे उठेपर्यंत कपबशा विसळत बसावं तसा तुझा खेळ. वर्षभर हेच बघते आहे मी. पुढे असायचं, घाबरायचं, मागे सरायचं आणि हरायचं. दुसऱ्या संघाचे कोच आता तुझे हात खाली गेले की हसतात. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसते, मला ऐकू येतं. आणि ती सगळ्यांत उंच पोर, जिला सगळ्या शिडी म्हणतात, तिला तू एक मिनिट बाहेर घेत नाहीस. पोर गुणी आहे, मला पाण्याची बाटली भरून आणून देते, पण ती वळेपर्यंत चेंडू पलीकडच्या टोकाला पोचलेला असतो. हेही धाकटीला लिहायचं नव्हतं. शिडी तिची मैत्रीण आहे.

गच्चीवर तू बूड कापलेली बादली भिंतीला ठोकली होतीस, आठवतं? तुमचे आईबाप नुकतेच गेले होते, घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, आणि वरून दिवसभर चेंडूचा आवाज यायचा. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर चेंडू गेला की शिव्या मला खाव्या लागायच्या. धाकटी तेव्हा तुझ्या कमरेइतकी होती. तुझ्या पायांमधून चेंडू पळवायची आणि तू चिडायच्याऐवजी खाली येऊन मला कौतुकाने सांगायचास की आजी, हिच्या हातातून चेंडू निघत नाही. आता मैदानावर ती तुला सर म्हणते. गेल्या महिन्यात घरी आलास तेव्हा जेवायला बोलावतानाही सर म्हणाली. तुला ते जाणवलं की नाही, मला माहीत नाही. तू मान खाली घालून जेवलास आणि कॉलेजच्या वसतिगृहातल्या तुझ्या खोलीवर गेलास.

रविवारी एका गुणाने मागे पडल्यावर तुला वर्षभर बाकावर बसवलेली ती आठवली. उठवलीस, आत पाठवलीस. शेवटच्या क्षणी चेंडू तिच्याकडे आला, समोर कोणी नाही, बास्केट हाताशी. आणि तिने तो शिडीला देऊन टाकला. शिट्टी वाजली, आपण हरलो. ही ओळ लिहिताना ती एवढंच म्हणाली की शिडी जास्त मोकळी होती. नव्हती, लंबू. मी बघत होते.

आता अक्षर बदललं असेल. धाकटी तिची जर्सी धुऊन, घडी करून कॉलेजात परत द्यायला गेली आहे आणि पुढचं खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई लिहीत आहेत. काल जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. मी तिला डबा देऊन पाठवली, जिन्यापर्यंत जाऊन दोन गमतीही केल्या. ती गेलीच नाही. दिवसभर बाईंच्या दुकानात बसून दुसऱ्यांच्या सदऱ्यांना बटणं लावत होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, खेळातलं दादाला कळतं, त्याने मला बसवून ठेवलं म्हणजे मी बसवण्यातलीच असणार, आणि हे आजीला सांगू नका, ती उगाच त्याच्याशी भांडेल. रडली नाही म्हणे. रडली असती तर मी हे पत्र लिहायला घेतलं नसतं. वर्षाच्या सुरुवातीला कोणा पोरीचा बाप बोलला की भाऊ कोच आणि बहीण खेळाडू, म्हणजे संघ घरचाच, आणि तू स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालास की माझ्याकडे हिच्याइतकी चांगली कोणीच नाही, म्हणूनच हिला खेळवता येणार नाही. वर तुझ्या गळ्याची शपथ घातलीस की तिला कळू द्यायचं नाही. म्हणून मी गप्प आहे. आणि मी सांगितलं तरी ती म्हणेल, आजी, तू माझीच बाजू घेणार. तिच्यासाठी खरं तेच, जे तू म्हणशील. चाचणी गेली, वर्ष गेलं, ते काही परत यायचं नाही. तू येशील असंही मला फारसं वाटत नाही. तू नेहमीसारखा वेळ घालवत बसशील आणि ती बटणं लावत राहील. तरी सांगते, ये. मला जे सांगितलंस ते तिला सांग, आणि तिने सर म्हटलं तरी उठून जाऊ नकोस.

तुझीच, आणि तिचीही,
आजी