एकोणतीस

कोथरूड, १२ जुलै

अण्णा,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. खाडाखोड तुम्हाला खपायची नाही, पण खोटं लिहिण्यापेक्षा बरी. तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागते. उत्तर येणार नाही, हे काही कारण नव्हतं. तुम्ही असतानाही ते कुठे येत होतं?

आज लिहायला बसले, कारण परवा सुहासदादांचा फोन आला. तुमच्या शिकवणीतले जुने विद्यार्थी तुमच्या नावाने पहिली-दुसरीच्या मुलांना बक्षीस देणार आहेत. गणितात एकही चूक न करणाऱ्याला. "सरांची मुलगी म्हणून नियम तूच लिही," म्हणाले. मी बरं म्हटलं.

आणि त्याच संध्याकाळी ईराने, माझ्या सहा वर्षांच्या लेकीने, एकोणतीस हा आकडा ३९ असा लिहिला.

आठवतं? मीही असाच लिहिला होता. बिबवेवाडीच्या घरात, पुढच्या खोलीत, शिकवणी भरलेली असताना. तुम्ही माझी वही उंच धरून सगळ्यांना दाखवलीत आणि म्हणालात, "मास्तरांच्याच घरात ढ." मुलं हसली. सुहासदादाही हसले असतील. त्यानंतर दहावीपर्यंत गणिताच्या तासाला मी तोंड उघडलं नाही.

ईराला मी काय म्हणाले असेन? "लक्ष कुठे आहे?" तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात. तिचा चेहरा उतरला तशी मी भानावर आले. मग तुम्ही कधीच न विचारलेला प्रश्न विचारला. असं का लिहिलंस?

"अगं आई, एकोणीसमधलं एकोण म्हणजे नऊ. एकतीस, बत्तीस, सगळ्यांत तीस आहे ना? मग एकोणतीस पण त्यांच्याच घरातला."

एकोण म्हणजे एक कमी, असं मी समजावलं. तिने विचार केला. "मग नऊला एकोणदहा का नाही म्हणत?"

आकडा चुकला होता, अण्णा. डोकं बरोबर चाललं होतं. तिचं, आणि चाळीस वर्षांपूर्वी माझंही. एकदा विचारायला तुमचं काय जात होतं?

आठवणीत मीच भर घातली नाही ना, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, ते सगळ्यांनाच तसं बोलायचे, तू फार मनाला लावून घेतलंस. म्हणजे आठवण खरी आहे. आता तुम्हाला तुमची बाजू मांडता येत नाही, हे मला कळतं. सहाव्या वर्षी मलाही येत नव्हती. फिटंफाट.

नियम लिहून झालाय. ज्या मुलाला आपलं उत्तर का चुकलं हे सगळ्यांत नीट सांगता येईल, त्याला बक्षीस. एकही चूक नसलेला अपात्र. हे मुलांसाठी की तुमच्याविरुद्ध, असं स्वतःला विचारलं. दोन्ही. पण खरा क्रम लिहायचा तर आधी तुमच्याविरुद्ध.

सुहासदादा म्हणतील, सरांना हे आवडलं नसतं. मी म्हणेन, म्हणूनच. दर वर्षी तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर एक मूल उभं राहून आपली चूक सांगेल, आणि लोक टाळ्या वाजवतील. मी असेपर्यंत हा नियम बदलू देणार नाही. हा माझा शब्द.

तुमची थोरली,
नीलिमा

उद्या: नियमांचा कागद सुहासदादांच्या हातात नेऊन देणे.